कुणी मागू नये अशी गाडी

सोलोमोनाच्या डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला तो एका शनिवारी दुपारी, चर्चच्या मैदानावर, सगळ्या गावादेखत. वडीलमंडळी विरुद्ध तरुण मंडळ असा किलिकिटीचा सामना रंगला होता. किलिकिटी म्हणजे आमच्या बेटांवरचं क्रिकेटच, फक्त बॅट गदेएवढी आणि खेळाडू कुणी मोजत नाही. वडीलमंडळींत सोलोमोना सगळ्यांत लहान, म्हणजे चोपन्न वर्षांचा, त्यामुळे धावण्याचं काम बाकीच्यांनी एकमताने त्याच्यावर सोपवलेलं. तिसऱ्या धावेला गुडघ्यातून सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला आणि फालेमानू गावच्या चर्चचा डीकन, म्हणजे पाळकसाहेबांचा उजवा हात, आणि पाणीखात्यातला हेडक्लार्क, मैदानात आडवा झाला. पडता पडताही त्याने कमरेचा लावालावा, आमची लुंगीच ती, घट्ट धरून ठेवला होता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

डॉक्टर म्हणाले, "चाला, बसा. प्रार्थनेला गुडघे टेकू नका, देव समजून घेईल. पण क्लच दाबायचा नाही. या पायाने क्लच दाबलात तर गुडघा समजून घेणार नाही."

आता पंचाईत अशी की घरातली गाडी गिअरची, बावीस वर्षांची, आणि तिचा क्लच तर असा की चांगल्या गुडघ्यालाही घाम फुटावा. त्यात सोलोमोनाची आई, म्हातारी लुपे, हिची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वीच थकलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे सहाला तिला आपियाच्या इस्पितळात रक्त धुण्याच्या यंत्राजवळ बसवावं लागे. यंत्र कुणासाठी खोळंबत नाही. उशीर झाला की त्या खुर्चीत दुसरं कुणी बसतं आणि आपल्या माणसाचे पाय संध्याकाळपर्यंत सुजून उखळासारखे होतात. गावातून पहिली बस सुटते सातला. अपेरिलाचा, म्हणजे सोलोमोनाच्या बायकोचा, भाऊ टॅक्सी चालवतो, पण पहाटे तो विमानतळावर. आणि अपेरिलाला गाडी येत नव्हती. तिला शिकवायचा प्रयत्न एकदा झाला होता. त्यात शेजारच्या फालानिको गुरुजींचं डुक्कर आणि स्वतः गुरुजी, दोघेही थोडक्यात वाचले होते.

म्हणून नवराबायकोंनी तोडगा काढला. सोलोमोनाने उजवीकडे स्टिअरिंगमागे बसायचं, अपेरिलाने डावीकडे. तिने उजवा पाय लांब करून त्याच्या बाजूला घालायचा आणि हुकूम झाला की क्लच दाबायचा.

"दाब!"

"दाबला."

"सोड. हळू! हळू म्हटलं ना!"

"तुम्ही हळू म्हणेपर्यंत सुटला होता तो."

मागे बसलेली लुपे दर धक्क्याला एक स्तोत्र म्हणे. फालेमानू ते आपिया चाळीस मिनिटांचा रस्ता, त्यात तिची सत्तावीस स्तोत्रं होत. आणि पहाटेच्या अंधूक उजेडात डीकन आणि डीकनबाई एकमेकांच्या पायांत पाय अडकवून चाललेले आहेत, हे दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांनी ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांना सांगितलं. रविवारी महिला समितीत कुणीतरी अपेरिलाला विचारलं, "काय गं, या वयात पुन्हा नवं लग्न झाल्यासारखं वाटतंय का?"

त्या संध्याकाळी ठरलं: बिनक्लचची गाडी घ्यायची. वापरलेली, पण दगा न देणारी.

आता सल्ले. माणसाला घर बांधायचं असेल, मुलीचं लग्न करायचं असेल, तर गावात चार लोक तरी म्हणतात, तुमचं तुम्ही बघा. पण गाडीच्या बाबतीत असं कुणीच म्हणत नाही. ज्याच्याकडे आयुष्यात सायकल नव्हती तोसुद्धा ओट्यावर येऊन बसला आणि कोको पिऊन, तळलेला निरफणस खाऊन, इंजिनाविषयी बोलून गेला.

फालानिको गुरुजी निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, "सोलोमोना, पांढरी गाडी घे. पांढऱ्या गाडीचा माणूस प्रामाणिक दिसतो."

"गुरुजी, तुमची पांढरी होती."

"होती ना. म्हणून तर मला ती कुणीतरी प्रामाणिकपणे विकली."

मेहुणा पेसामिनो, टॅक्सीवाला, तो मात्र खरा जाणकार. त्याने दोन बोटं वर करून सांगितलं, "दाजी, बाहेरचं काही बघायचं नाही. दोनच गोष्टी. इंजिन थंड असताना चालू करायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजायचं, काहीतरी लपवतोय. आणि गिअरपेटीची तेल मोजायची काडी बाहेर ओढून तेल हुंगायचं. गुलाबी आणि बिनवासाचं असेल तर घ्या. तपकिरी आणि करपलेल्या भातासारखं वास मारत असेल, तर पळा."

"पळता येत नाही मला," सोलोमोना म्हणाला.

"मग चाला. पण घेऊ नका."

पण सोलोमोनाची खरी काळजी गिअरपेटीची नव्हतीच. ती काळजी त्याने फक्त अपेरिलाला सांगितली, तीही दार लावून. आमच्याकडे कुणी काही मागितलं तर नाही म्हणायची पद्धत नाही. लग्न, मयत, नव्या चर्चचं छप्पर, कुणाची तरी मावशी न्यूझीलंडहून येणार, काही ना काही असतंच, आणि ज्याच्या दारात धड चालणारी गाडी आहे त्याच्या दारात लोक येतात. नाही म्हणणारा माणूस मग गावात राहतो खरा, पण भिंतीवरच्या पालीसारखा. सगळ्यांना दिसतो, कुणी बोलत नाही. त्यांची जुनी गाडी इतकी वर्षं घरात टिकली ती एवढ्याचसाठी, की ती कुणाला नकोच होती.

"आपल्याला अशी गाडी हवी," तो कुजबुजला, "आतून तरणीताठी, आणि बाहेरून अशी की बघणाऱ्याला आपली कीव यावी."

"म्हणजे तुमच्या उलट," अपेरिला म्हणाली.

शोध सुरू झाला. आपियाच्या बाहेर वापरलेल्या जपानी गाड्यांची आवारं आहेत. प्रत्येक आवाराचा मालक शपथेवर सांगे, की ही गाडी जपानातल्या एका म्हाताऱ्या बाईची, ती फक्त बाजारात जायला काढायची. सोलोमोनाने पाच शनिवारांत एकतीस गाड्या पाहिल्या आणि एकतीस म्हाताऱ्यांची चौकशी केली. शेवटी त्याला त्या बायांचीच काळजी वाटू लागली. सगळ्यांनी गाड्या विकून टाकल्या, आता बाजारात कशा जात असतील बिचाऱ्या?

तेल हुंगण्याचा तर त्याला नादच लागला. काडी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, आणि पाळकसाहेब प्रभूभोजनाच्या वेळी होतात तसा गंभीर चेहरा करायचा. एका शनिवारी तो तसाच वडीलमंडळींच्या सभेला गेला आणि नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका घेऊन दीड तास पापाच्या डागांवर बोलला. कुणी हसलं नाही. ते सगळे नंतर, बाहेर जाऊन हसले.

सहाव्या शनिवारी ती सापडली. आवाराच्या कडेला, टायरांच्या ढिगामागे. रंग वांग्याचा, तोही उन्हाने भाजून भरताकडे झुकलेला. डावीकडचं मागचं दार कुठल्याशा दुसऱ्या गाडीचं, पिवळंधमक. छपरावर पोपडे. मालकाने तिच्या म्हातारीची गोष्टसुद्धा सांगितली नाही, इतकी ती त्याला लाजिरवाणी वाटत होती. पेसामिनोने थंड इंजिन चालू केलं. ते मांजरासारखं घुरघुरलं. काडी काढली, तेल गुलाबी. हुंगलं; वास नाही. गाडीखाली सरपटत जाऊन आला आणि म्हणाला, "दाजी, गंज नाही. दिसायला सासूसारखी आहे, पण काळीज सोन्याचं."

"तुझी सासू का माझी?"

"माझी. तुमची तर माझी आई."

फिरवून बघायला निघाले तेव्हा दुपार कलली होती. किनाऱ्याच्या रस्त्याने चार गावं जाऊन परत यायचं. सोलोमोना चालवत होता, आणि काय ते सुख! डावा पाय नुसता पाहुण्यासारखा बसून. त्या सुखात सूर्य कधी बुडाला कळलंच नाही, आणि आडरस्त्याने शेजारच्या गावात शिरताच शंख वाजला. सायंप्रार्थनेची वेळ. आमच्या गावांत त्या वेळी चालणारा थांबतो, खेळणारी मुलं घरात पळतात, आणि रस्त्याकडेला एकसारखे लावालावा नेसून गावचे पुरुष पहाऱ्याला उभे राहतात. डीकनाला हे सांगावं लागतं का? त्याने तत्काळ थांबायचं ठरवलं. पण तीस वर्षांची सवय, डावा पाय आपणहून क्लच शोधत गेला आणि सर्व भक्तिभावाने ब्रेकवर आदळला. गाडी जागच्या जागी थबकली. पेसामिनोचं कपाळ काचेला भेटून आलं. गुडघ्यातून कळ गेली ती थेट टाळूत.

पहारेकरी खूश झाला. प्रार्थनेसाठी इतक्या तातडीने थांबलेला माणूस त्याने पाहिला नव्हता. सोलोमोनाने इंजिन बंद केलं, मान खाली घातली. घराघरांतून गाणं सुरू झालं, मग संपलं, मग सगळीकडे मौन. पानही हलेना. खिडकीतून डास आत येत होते. काच विजेवरची, ती वर करावी म्हणून त्याने चावी हळूच अर्धी फिरवली.

आणि गाडीच्या आतून एक तरुण, गोड, लाडिक आवाज जपानीत काहीतरी लांबलचक बोलला. मोठ्याने.

चावी मागे केली. पुन्हा घाबरून पुढे गेली. बाई पुन्हा बोलली, पहिल्यापेक्षा आर्जवाने.

मौन संपल्याची खूण होताच पहारेकरी काठी टेकत आला. "आत बाई कोण आहे?"

"बाई नाही. गाडी बोलते."

"हूं. कुठली बाई?"

"जपानी... म्हणजे गाडी जपानी."

पहारेकऱ्याने मागच्या सीटवर वाकून पाहिलं, डिकी उघडायला लावली, सीटच्या खाली काठी घातली. मग सोलोमोनाकडे नीट पाहत म्हणाला, "तुम्ही फालेमानूचे डीकन ना? त्या दिवशी नाकाला काळं लावून पापावर बोललात ते?" प्रार्थनेत आवाज केल्याबद्दल डबाबंद माशांचं एक खोकं दंड झाला. उशीर झाला म्हणून सोलोमोना तीच गाडी घेऊन घरी पोचला तेव्हा अपेरिला ओट्यावर कमरेवर हात देऊन उभी होती. बातमीला गिअर बदलावे लागत नाहीत.

"कुठाय ती?"

"कोण?"

"जपानची."

पेसामिनोने कपाळावरचं टेंगूळ दाखवून साक्ष दिली, चावी फिरवून बाईचं बोलणं ऐकवलं, तेव्हा कुठे घरात जेवण वाढलं गेलं. लुपेला मात्र तो आवाज आवडला. म्हणाली, "कुणीतरी या घरात हळू बोलतं."

मंगळवारी पैसे चुकते होऊन गाडी कायमची दारात आली आणि सोलोमोनाची युक्ती तंतोतंत फळली. लोक बघायला आले, पिवळ्या दाराशी थबकले, आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "असू दे. चालते ना?" कुणी मागितली नाही. बुधवारी लुपे पावणेसहाला यंत्राशी हजर. शुक्रवारीही. रस्ताभर एकच स्तोत्र झालं, तेही आभाराचं. शुक्रवारी संध्याकाळी सोलोमोना ओट्यावर बसून, पाय तिपाईवर ठेवून, गाडीकडे बघत होता. गर्व वाईटच, पण त्याला तो थोडासा झाला.

चूक झाली ती शनिवारी सकाळी. नवी वस्तू घरात आली की पाळकसाहेबांना बोलावून तिच्यावर प्रार्थना करून घ्यायची, हे काय सांगायला हवं? डीकनानेच हे चुकवलं तर बाकीच्यांनी काय करावं? पाळकसाहेब नाफाताली आले. वजनाने आणि वाणीने भारदस्त माणूस. गाव जमला. पाळकसाहेबांनी वांगी रंगाच्या टपावर हात ठेवला, पोपडा निघाला तो झटकला, डोळे मिटले आणि आवाज लावला, "हे प्रभो, तू आमच्या गावाला ही गाडी दिलीस. आमच्या आजाऱ्यांसाठी, आमच्या वृद्धांसाठी, आमच्या सुखदुःखासाठी तू ही आम्हा सर्वांना दिलीस..."

सोलोमोनाचेही डोळे मिटलेले. पाळकसाहेबांच्या प्रार्थनेला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणणं हे डीकनाचं काम. एकोणीस वर्षं त्याने त्यात कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं.

"आमेन!" तो गरजला.

मग त्याने डोळे उघडले. समोर सगळं गाव त्याच्याकडे मायेने पाहत होतं. अपेरिला एकटी तोंडावर हात दाबून उभी होती. ज्या गोष्टीवर माणूस देवासमोर आमेन म्हणतो, ती मागे कशी घेणार?

दुपारपर्यंत गाडी दोनदा बाजारात जाऊन आली. चारच्या सुमाराला गावप्रमुख स्वतः आले. त्यांच्या चुलत्याचे व्याही सवाईई बेटावर वारले होते. मयताला भेट द्यायच्या मानाच्या चटया, तीन म्हातारे आणि एक भाजलेलं डुक्कर न्यायचं होतं.

"सोमवारी पहाटे आईला..." सोलोमोनाने तोंड उघडलं.

"उद्या संध्याकाळच्या बोटीने परत," गावप्रमुख म्हणाले. "आणि दिसायला कशीही असली तरी चालेल हो. गावाचीच आहे." हे शेवटचं त्याचं मन राखायला.

रविवारी संध्याकाळी बोट आली, गाडी आली नाही. मयताचा मान मोठा, माणसं आणखी यायची होती. सोलोमोनाने जुन्या गाडीकडे धाव घेतली, म्हणजे लंगडत गेला. ती त्याने पेसामिनोला दिली होती, आणि पेसामिनोने तिचे निम्मे अवयव टॅक्सीला लावले होते.

सोमवारी पाच वाजता लुपे आवरून, केसांना खोबरेल लावून, पिशवी घेऊन ओट्यावर बसली होती. सोलोमोना अंगणात फेऱ्या घालत होता. "आई, बसने जाऊ. आठ वाजतील. सांगून बघू त्यांना."

"आणि खुर्ची?"

मागच्या वेळी खुर्ची गेली तेव्हा तिला दोन दिवस श्वास पुरत नव्हता. तिच्या घोट्यांवर आताच सूज दिसत होती. तिच्याकडे त्याला बघवेना, म्हणून तो रस्त्याकडे बघत राहिला, जणू सवाईईहून गाडी पोहत येणार होती.

"तू मागू शकत नाहीस," लुपे उठत म्हणाली. "डीकन आहेस. मी डीकन नाही."

आणि ती चालू लागली. चर्चशेजारी पाळकसाहेबांचं घर, घरापुढे त्यांची गाडी. चार वर्षांपूर्वी गावाने दिलेली, उंच, पांढरीशुभ्र, बिनक्लचची, आत गारवा. तिला कुलूप कधी नसे. ती मागायची छाती कुणाला होती? लुपेने दार उघडलं, पुढच्या सीटवर चढली, पिशवी मांडीवर ठेवली आणि हॉर्नवर हात ठेवला.

पाळकसाहेब झोपेतून उघड्या अंगाने बाहेर आले. "आजी? काय झालं? कुणी गेलं का?"

"अजून नाही. पण सहाला पोचवलं नाहीत तर तुम्हालाच मला पुरायला यावं लागेल."

"अहो, पण सोलोमोनाची गाडी..."

"ती गावाची. तुम्हीच देवाला सांगितलंत, आमच्या वृद्धांसाठी म्हणून. ती गेलीय मयताला. मग ही कुणाची? हीसुद्धा गावानेच दिली, आणि त्या दिवशीही तुम्ही प्रार्थना केलीत. मी पहिल्या बाकावर होते, आमेन मीही म्हटलं. बघा, पाच दहा झाले."

शेजारच्या दोन घरांचे पडदे हलले. पाळकसाहेब आकाशाकडे पाहून क्षणभर थांबले, पण तिकडून काही सूचना आली नाही. ते आत जाऊन सदरा घालून आले.

सहाला पाच कमी असताना लुपे खुर्चीत होती. पाळकसाहेबांना पाच तास थांबावं लागलं. तिथे यंत्रांना जोडलेल्या चौदा माणसांनी त्यांना पाहिलं, आणि पाळक स्वतः म्हाताऱ्यांना आणतो म्हणून त्यांचे हात हातांत घेऊन आशीर्वाद मागितले. त्यातल्या दोघांनी त्यांच्याच गावच्या वाटेवर आपलं घर आहे, असंही सांगितलं.

दुपारी घरी येताच पाळकसाहेबांनी सवाईईला फोन लावला. मंगळवारच्या पहिल्या बोटीने वांगी रंगाची गाडी दारात हजर. पुढच्या रविवारी त्यांनी प्रवचनही दिलं: दुसऱ्याच्या आईच्या गरजेच्या दिवशी त्याची गाडी मागणं हे पाप आहे, आणि ते तीन दिवस कोणते हे त्यांनी नावं घेऊन सांगितलं. सोलोमोनाच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी आमेन म्हणण्यापूर्वी त्याने सगळी वाक्यं मनात एकदा तपासून घेतली, मगच म्हटलं.

पण दुसऱ्या दिवशी, सोमवारी पहाटे, त्याने गाडी काढली, तर ओट्यावर लुपे नव्हती. ती चर्चच्या दिशेने निम्म्या वाटेवर पोचलेली.

"आई! अगं, आपली आहे ना गाडी!"

"असू दे की. त्यांच्यात गार वाटतं," ती न थांबता म्हणाली. "आणि पाळकसाहेब रस्ताभर प्रार्थना म्हणतात. तू नुसता रस्ता बघतोस."

पाळकसाहेबांना आता नाही म्हणता येईना. इस्पितळातले ते दोघेही आता वाटेत उभे राहतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार गावाची पांढरी गाडी पहाटे जाते ती दुपारी येते, आणि पाळकसाहेबांच्या पवित्रतेची कीर्ती तीन गावांत पसरली आहे. ते थोडे बारीकही झालेत.

राहता राहिल्या पाळकीणबाई. त्यांना त्याच तीन दिवशी बाजार, त्याच तीन दिवशी महिला समिती, आणि घरापुढे गाडी नाही. मग त्या छत्री मिटत सोलोमोनाच्या ओट्यावर येतात, पाणीखात्यात त्याला उशीर होतोय हे त्यांना ठाऊक असतं, आणि म्हणतात, "सोलोमोना, आहे ना रे मोकळी?" तो चावी उचलतो. मागे पाच बायका, सात चटया आणि तारोच्या कंदांच्या दोन पाट्या बसतात.

ऊन असो, चढ असो, माणसं कितीही कोंबा, गाडी उत्तम चालते. सात महिन्यांत एकदाही बंद पडलेली नाही. तिच्याबद्दल सोलोमोनाची तक्रार एवढीच आहे.